सात वीर, सहा नावे आणि एक गीत : ज्ञानकोशातील नोंद कशी सुधारावी?

१)
‘वेडात मराठे वीर दौडले सात’ हे गीत ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळाच. शाळेचे स्नेहसंमेलन असो वा शिवजयंतीची मिरवणूक, हे सूर कानी पडले की पुढचे शब्द आपोआप ओठांवर येतात. मात्र या गीतावर विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशात एक नेटकी नोंद लिहायला बसावे, तर पहिल्या वाक्यापाशीच हात थबकतो. ही नोंद नेमकी कशाविषयी? १६७४च्या लढाईविषयी, कुसुमाग्रजांच्या कवितेविषयी, की १९७४च्या ध्वनिमुद्रिकेविषयी? आजचा धागा याच प्रश्नावर आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२)
आधी एक शंका दूर करू. गाण्यावरची नोंद ही इतिहासाच्या अभ्यासकाने वेळ द्यावा अशी गोष्ट आहे का? आहे. नेसरीची लढाई आज बहुसंख्य लोकांना बखरीतून नव्हे, गीतातूनच ठाऊक होते. गीत ऐकून कुतूहल जागे झालेला विद्यार्थी पहिल्यांदा भ्रमणध्वनीवर शोध घेतो आणि समोर येईल ती नोंद वाचतो. तिथे लिहिलेले वाक्य पुढे भाषणात जाते, वर्तमानपत्राच्या पुरवणीत जाते, फलकावर जाते. ज्या दारातून सर्वाधिक माणसे इतिहासात प्रवेश करतात, ते दार नीट असले पाहिजे.

३)
आपल्याकडे ज्ञानकोशाची परंपरा मोठी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोश निघाला. त्याचा पहिला खंड १९७६चा. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्याला प्रमुख संपादक नाही. कोणीही लिहू शकतो आणि कोणीही दुरुस्त करू शकतो. केतकरांच्या काळी संपादकमंडळाकडे असलेली जबाबदारी तिथे वाचकांवर, म्हणजे तुमच्या-आमच्यावर, येऊन पडली आहे.

४)
आता थोडे दूर, स्वित्झर्लंडला जाऊ. तिथले एक उदाहरण आपल्या कामाचे आहे. ‘डीप पर्पल’ या ब्रिटिश रॉक बँडचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणे गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. त्यामागे एक खरी घटना आहे. ४ डिसेंबर १९७१ रोजी माँत्रो येथील कॅसिनोत फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांतील कोणीतरी आत दारूकामाचा बार उडवला, आग लागली आणि कॅसिनो जळून गेला. त्याच कॅसिनोत ध्वनिमुद्रण करण्यासाठी डीप पर्पलची मंडळी गावात आली होती. सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी स्वतः पाहिला. १९७२च्या ‘मशीन हेड’ या अल्बममध्ये ते गाणे आले.

५)
म्हणजे ज्यांनी गाणे रचले ते घटनेचे साक्षीदार होते आणि गाणे घटनेनंतर काही महिन्यांत जगापुढे आले. अशा गाण्यावर नोंद लिहिणारा त्यातील तपशिलाला साक्षीचा दर्जा देऊ शकतो. अर्थात अन्य साक्षींशी ताडून. आमच्या विषयात यालाच समकालीन साधन म्हणतात. आता हाच निकष आपल्या गीताला लावून पाहा. नेसरीची लढाई १६७४ची. कवी विसाव्या शतकातील. मध्ये अडीचशेहून अधिक वर्षे आहेत. गीत कितीही प्रभावी असले, तरी ते नेसरीच्या लढाईचे साधन ठरत नाही. ते नेसरीच्या स्मृतीचे साधन आहे. चांगल्या नोंदीचा पाया या एका भेदावर उभा राहतो.

६)
तर मुळापासून सुरुवात करू. प्रतापराव गुजर हे शिवाजी महाराजांचे सरनोबत, म्हणजे घोडदळाचे सेनापती. मूळ नाव कुडतोजी. नेताजी पालकरांनंतर हे पद त्यांच्याकडे आले. १६७२ साली साल्हेरच्या रणात मोगलांचा जो दणदणीत पराभव झाला, त्यात मोरोपंत पिंगळ्यांच्या जोडीने प्रतापरावांचा वाटा मोठा होता. गीतामुळे त्यांची ओळख अखेरच्या काही क्षणांपुरती उरली आहे. नोंद लिहिताना हे ध्यानात ठेवावे की नेसरीत पडलेला हा सेनानी साल्हेरचा विजेता होता.

७)
मार्च १६७३ मध्ये मराठ्यांनी पन्हाळा घेतला. कोंडाजी फर्जंदांच्या पराक्रमाची ती कथा कोल्हापूरकरांना सांगायला नको. किल्ला गेल्याने विजापूर दरबार हादरला आणि बहलोलखानाला मोठ्या फौजेनिशी पाठवण्यात आले. प्रतापरावांनी त्याला उमराणीजवळ गाठले. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यात, जतच्या बाजूला आहे. मराठ्यांनी खानाच्या फौजेचे पाणी तोडले. उन्हाळ्याचे दिवस, पाण्यावाचून माणसे-जनावरे व्याकूळ. खानाने गयावया केली आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली. महाराजांना हा सोडवणुकीचा निर्णय मुळीच रुचला नाही.

८)
सोडलेला खान पुन्हा चालून आला. त्यावर महाराजांनी प्रतापरावांना कडक शब्दांत लिहिले, असे सभासद सांगतो : याला गाठून बुडवा आणि फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका, असा त्या आज्ञेचा आशय. पुढे २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्रीच्या दिवशी, नेसरीजवळ गाठ पडली आणि प्रतापराव मारले गेले. नेसरी आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यात आहे. सरनोबत पडल्यावर हंसाजी मोहिते यांना हंबीरराव हा किताब आणि ते पद मिळाले. साडेतीन महिन्यांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्याला साल्हेरचा विजेता नव्हता.

९)
आता साधनांकडे वळू. पहिले साधन सभासद बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती १६९०च्या दशकात, जिंजीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. म्हणजे घटनेनंतर सुमारे २० वर्षांनी, पण शिवकाल पाहिलेल्या माणसाने. सभासदाच्या कथनात नेसरीची गाठ ही एक मोठी लढाई आहे. प्रतापराव तरवारीच्या वाराने पडले आणि महाराजांना अतिशय दुःख झाले, हे तो सांगतो. मात्र ‘सात’ हा आकडा तिथे नाही. प्रतापरावांसोबत पडलेल्या स्वारांची नावेही तिथे नाहीत.

१०)
दुसरे साधन जेधे शकावली. भोर भागातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेली ही कालानुक्रमाची टिपणे लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीस आणली. शिवकालातील तिथीनिश्चितीसाठी तिचे मोल फार मोठे आहे. महाशिवरात्रीची तिथी आपण जी खात्रीने सांगतो, ती अशा शकावलीच्या आधारे. शकावलीचा बाणा मात्र रोजनिशीचा असतो : कधी, कुठे, कोण. त्यात पराक्रमाचे वर्णन शोधू नये आणि मिळाले नाही म्हणून खट्टूही होऊ नये.

११)
तिसरे साधन सर्वांत अनपेक्षित. नारायण शेणवी हा मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी आणि प्रतिनिधी. राज्याभिषेकाच्या आधी तहाच्या बोलण्यांसाठी तो रायगडाकडे गेला होता. एप्रिल १६७४च्या त्याच्या पत्रात प्रतापरावांच्या मृत्यूची वार्ता आहे. दोन टेकड्यांमधील अरुंद वाटेत, आणखी सहा स्वारांसह, उरलेल्या फौजेची कुमक न पोहोचल्याने प्रतापराव मारले गेले, असा त्या मजकुराचा आशय. हे पत्र १९३१ साली पुण्याहून प्रसिद्ध झालेल्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या संग्रहात समाविष्ट आहे.

१२)
एक अधिक सहा : सात. आपण ज्याला कवीचा आकडा समजतो, तो घटनेनंतर सुमारे सहा आठवड्यांत लिहिलेल्या पत्रात आहे. खिंडही त्या पत्रात आहे. ‘सात हा निव्वळ कल्पनाविलास’ असे छातीठोकपणे सांगणारे चुकतात, ते इथे. पण त्याच पत्रातला एक तपशील आपल्या मनातल्या चित्राशी जुळत नाही. पत्रात फौज आहे. ती वेळेवर पोहोचली नाही, इतकेच. सात जणांनी फौज मागे ठेवून ठरवून मरण पत्करले, की वेगाने पुढे गेलेल्या सेनापतीची आणि फौजेची ताटातूट झाली? पत्र दुसऱ्या शक्यतेकडे झुकते. नोंदीने हा झुकाव सांगावा. निकाल देऊ नये.

१३)
आता सर्वांत नाजूक मुद्दा : सहा स्वारांची नावे. विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल आणि विठोजी शिंदे अशी यादी सर्वत्र फिरते. अनेकांना ती तोंडपाठ आहे. पण सभासदाने केलेल्या नेसरीच्या वर्णनात ही नावे नाहीत आणि शेणव्याच्या पत्रातही नाहीत. पत्रात फक्त संख्या आहे. म्हणजे ‘सहा’ला समकालीन आधार मिळतो, पण त्या सहांना नावे देणारा आधार या दोन्ही साधनांत नाही. या दोन विधानांमधले अंतर बहुतेक लेखनात पुसले जाते.

१४)
हा वाद केवळ ग्रंथालयापुरता नाही. २०२२ साली महेश मांजरेकर यांनी याच शीर्षकाच्या चित्रपटाची घोषणा केली, तेव्हा सात वीरांच्या नावांवरून जाहीर वाद झाला. कोणती यादी खरी, कोणाचे नाव गाळले, कोणाचे घातले, यावर हिरिरीने बोलले गेले. अशा प्रसंगी दोन्ही बाजूंच्या हाती बहुधा असते ते जालावरून उतरवलेले पान. त्या पानावर यादीखाली आधार दिलेला असता किंवा ‘या यादीला समकालीन दुजोरा नाही’ असे एक वाक्य असते, तर वादाची पातळी निराळी राहिली असती.

१५)
आधार नसलेले वाक्य कसे बळावते ते पाहा. समजा, कोणी एके दिवशी नोंदीत संदर्भाविना सहा नावे घातली. महिन्याभरात एका पुरवणीने ती उचलली. वर्षभराने दुसऱ्या संपादकाला नोंदीत संदर्भ नसल्याचे खटकले आणि त्याने प्रामाणिकपणे शोध घेऊन त्याच पुरवणीचा लेख संदर्भ म्हणून जोडला. आता नोंद लेखाकडे बोट दाखवते आणि लेख नोंदीतून आलेला आहे. वर्तुळ पूर्ण झाले. साधन मात्र एकही नाही. म्हणून संदर्भ ‘आहे का’ एवढेच न पाहता, त्या संदर्भाला ही माहिती कुठून मिळाली, हे विचारणे आवश्यक आहे.

१६)
‘नावे असली तर बिघडले कुठे? वीरांचा मानच होतो ना?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो सद्भावनेतून येतो. पण दुसरी बाजू पाहा. त्या खिंडीत खरोखर सहा माणसे पडली. त्यांना आईवडील होते, गाव होते, वतन असेल वा नसेल. आपण खात्रीवाचून दुसऱ्यांची नावे तिथे कोरली, तर त्या सहांची जागा कायमची भरून टाकली. उद्या एखाद्या घराण्याच्या दप्तरात, इनामपत्रात खरे नाव सापडले, तरी ते ठेवायला जागा उरणार नाही. जागा रिकामी ठेवणे हाही सन्मानच आहे.

१७)
मग कवितेचे काय? कुसुमाग्रजांनी काही चूक केली का? मुळीच नाही. कवी तिथी आणि संख्या नोंदवायला बसलेला नसतो. आज्ञेचा सल, सेनापतीचा स्वाभिमान आणि पाठोपाठ निघालेले स्वार यांतून त्यांनी एक अशी प्रतिमा उभी केली, जी बखरीच्या पानात होती पण लोकांच्या मनात नव्हती. शीर्षकातील ‘वेड’ हा शब्दच पाहा. तो लढाईचे वर्णन करीत नाही, लढणाऱ्याच्या मनाविषयी बोलतो. तो साधनांतून आलेला निष्कर्ष नाही, कवीने लावलेला अर्थ आहे. नोंदीने त्याला अर्थ म्हणूनच नमूद करावे.

१८)
तिसरा थर गीताचा. राज्याभिषेकाला ३०० वर्षे झाली त्या निमित्ताने, १९७४ साली, ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे, स्वर लता मंगेशकर यांचा, निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे. रामदास, कवी भूषण, सावरकर, गोविंदाग्रज आणि कुसुमाग्रज अशा निरनिराळ्या काळांतील रचना तिथे एका माळेत आल्या. नेसरीची लढाईदेखील १६७४चीच. म्हणजे गीत घरोघरी पोहोचले ते प्रतापरावांच्या मृत्यूच्या त्रिशतसांवत्सरिक वर्षी. १९७४चा महाराष्ट्र शिवकालाकडे कसा पाहत होता, याचा हा अस्सल पुरावा आहे. त्या दृष्टीने गीत हे साधनच. फक्त १६७४चे नव्हे, १९७४चे.

१९)
आता प्रत्यक्ष नोंदीची बांधणी. इंग्रजी विकिपीडियावर रॉक गाण्यांच्या चांगल्या नोंदी एका ठरावीक साच्यात असतात : पार्श्वभूमी, रचना, ध्वनिमुद्रण, प्रकाशन, स्वागत, नंतरची सादरीकरणे. तो साचा आपल्याला थोडा बदलून घेता येईल.
• प्रस्तावना : हे गीत आहे, कवी, संगीतकार, गायिका, ध्वनिमुद्रिका, वर्ष.
• कविता : मूळ शीर्षक, संग्रह, प्रथम प्रसिद्धी, पाठभेद.
• गीत : चाल, वादन, गायन, ध्वनिमुद्रण.
• ऐतिहासिक घटना : एकच परिच्छेद, आणि नेसरीच्या लढाईच्या स्वतंत्र नोंदीचा दुवा.
• कविता आणि साधने : कुठे जुळतात, कुठे नाहीत.
• प्रभाव : चित्रपट, स्मारके, सार्वजनिक सोहळे.
लढाईची सविस्तर हकीकत गीताच्या नोंदीत कोंबू नये आणि गीताचा पुरावा लढाईच्या नोंदीत देऊ नये.

२०)
वाक्यपातळीवर सुधारणा कशी करावी, त्याचा एक नमुना. समजा, नोंदीत असे वाक्य आहे : ‘स्वराज्यासाठी सात मराठा वाघांनी हजारो गनिमांवर झडप घालून इतिहासात अमर होणारे बलिदान दिले.’ भावना खरी, पण या वाक्यात कोण, कुठे, केव्हा आणि कशावरून यांपैकी एकाचेही उत्तर नाही. त्याऐवजी : ‘२४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ बहलोलखानाच्या फौजेशी झालेल्या लढाईत सरनोबत प्रतापराव गुजर मारले गेले. त्यांच्यासोबत सहा स्वार पडल्याचा उल्लेख नारायण शेणवी याच्या एप्रिल १६७४च्या पत्रात आहे.’ विशेषणे गेली. पराक्रम कमी झाला का? उलट, आता तो नाकारता येत नाही.

२१)
नावांविषयी असे लिहिता येईल : ‘या सहा स्वारांची नावे म्हणून एक यादी प्रचलित आहे, सभासद बखरीतील नेसरीच्या वर्णनात किंवा उपरोक्त पत्रात ती आढळत नाही.’ यात यादी खोटी असल्याचा दावा नाही. ती कुठे आढळत नाही एवढेच सांगितले आहे आणि ते कोणालाही पडताळता येते. शत्रूच्या फौजेच्या आकड्यांनाही हाच न्याय लावावा. कोणताही आकडा निराधार उभा करू नये. ‘अमुक साधनानुसार’ हे दोन शब्द त्याच्या आधी हवेत.

२२)
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक शिस्त नव्याने शिकावी लागते. पदव्युत्तर वर्गात आम्हांला सांगितले जाते : मूळ साधन वाचा, स्वतः निष्कर्ष काढा. विकिपीडियाचा नियम नेमका उलट : स्वतःचे संशोधन इथे मांडू नका; विश्वासार्ह प्रकाशित ग्रंथांनी काय म्हटले ते सांगा. मूळ साधन काय म्हणते एवढे नोंदवता येते, पण त्याचा अर्थ लावायचा तर यदुनाथ सरकार, गजानन भास्कर मेहेंदळे अशा अभ्यासकांचा हात धरावा लागतो. हा नियम प्रथम जाचक वाटतो. पण ज्या पानावर कोणीही लिहू शकतो, तिथे ‘मला असे वाटते’ याला मज्जाव नसेल, तर सर्वांत मोठा आवाज असलेल्याचे मत हाच इतिहास ठरेल.

२३)
मतभेद होणारच. त्यासाठी प्रत्येक नोंदीला ‘चर्चा’ पान असते आणि प्रत्येक बदलाची वेळ ‘इतिहास’ या कळीखाली जपलेली असते. कोणते वाक्य केव्हा आले, कोणी खोडले, पुन्हा केव्हा घातले, सारे पाहता येते. पोथीच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाहणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. शिष्टाचार साधा आहे : कोणाचे वाक्य थेट उडवू नये, आधी ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावावी, चर्चा पानावर कारण लिहावे, काही दिवस वाट पाहावी. ज्याने नावे घातली तो शत्रू नव्हे. बहुधा त्याने ती तितक्याच प्रेमाने घातलेली असतात.

२४)
एक कायदेशीर सूचना, कारण हौशी संपादक नेमके इथे अडकतात. संपूर्ण कविता नोंदीत उतरवू नये. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी निवर्तले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे. १९७४च्या मुद्रिकेसाठी तो २०३४ अखेर संपेल. रसग्रहणाच्या ओघात एखादी ओळ देणे निराळे आणि आख्खे काव्य चिकटवणे निराळे. तसेही, शब्द ठाऊक असलेल्या वाचकाला नोंदीकडून शब्द नको असतात. शब्दांमागची हकीकत हवी असते.

२५)
यात कोल्हापूरकरांना विशेष काय करता येईल? बरेच. १८५० सालापासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आपल्या शहरात आहे, शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. सभासद बखरीची छापील आवृत्ती काढून पृष्ठक्रमांकासह एक संदर्भ जोडणे हे एका दुपारचे काम आहे. नेसरीजवळच्या खिंडीत स्मारक आहे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढून मुक्त परवान्याखाली देण्यास आपला कायदा मुभा देतो. गडहिंग्लज, नेसरी, चंदगड परिसरातील मित्रांनी हे जरूर करावे. छायाचित्रासोबत स्मारकावरील मजकूरही टिपून ठेवावा आणि तो फलक कधी लागला याची चौकशी करावी. फलक हेसुद्धा आपल्या काळाचे साधन आहे.

२६)
हे करताना कोणी म्हणेल की तुम्ही गाणे चिरफाडायला निघालात. त्याला शांतपणे सांगावे की गाणे जिथल्या तिथे आहे. त्याची चाल, त्यातला आवेग, ऐकताना अंगावर उभा राहणारा काटा, यांतले काहीही तळटिपेने हरवत नाही. उलट, ज्या सेनापतीसाठी तो काटा उभा राहतो, तो साल्हेरला जिंकला होता, उमराणीला त्याने शत्रूला पाणी दिले होते आणि त्या उदारतेची किंमत नेसरीला मोजली, हे कळल्यावर गीत अधिक खोल उतरते.

२७)
सारांश, तीन वर्षांत आणि तीन वाक्यांत. १६७४ : नेसरीत प्रतापराव आणि सहा स्वार पडले, संख्येला समकालीन आधार आहे, प्रचलित नावांना या साधनांत आधार नाही. विसावे शतक : कुसुमाग्रजांनी त्या प्रसंगाला अर्थ दिला. १९७४ : मंगेशकरांनी त्या अर्थाला सूर दिला आणि तो महाराष्ट्राची स्मृती झाला. ही तीन वाक्ये ज्या नोंदीत एकमेकांत न मिसळता शेजारी-शेजारी उभी राहतील, ती नोंद चांगली.

२८)
येत्या रविवारी तास-दीड तास काढा. आपल्या आवडीच्या कोणत्याही ऐतिहासिक गीताची, पोवाड्याची नोंद उघडा. एकच वाक्य निवडा, त्याचा आधार शोधा, सापडला तर पृष्ठक्रमांकासह जोडा, न सापडल्यास चर्चा पानावर तसे लिहा. पुढील धाग्यात उमराणीच्या लढाईची साधने सविस्तर पाहू. या धाग्यातील एखाद्या विधानाला अधिक चांगला आधार किंवा विरोधी पुरावा आपल्यापाशी असेल, तर ग्रंथाचे नाव आणि पृष्ठासह खाली अवश्य लिहावे.